कापून जोडलेला दस्ता

व्हर्नानं गाडीतून घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि हिल्माच्या गॅरेजमधल्या बाकावर आणून ठेवलं.

"कॅम्प विकायला काढलाय ना, म्हणून आवराआवर करत होते," ती म्हणाली. "तिथल्या सॉनाच्या छपरात, पार आढ्याला लावून ठेवलेली सापडली. तौनो म्हणाला, कचऱ्यात टाकून ये. मी म्हटलं, आपल्या हिल्माला असल्या भंगाराचा नाद आहे, तिच्याकडेच टाकू. त्याला मात्र बोलू नकोस. ऑपरेशन झाल्यापासून कशावरूनही डोक्यात राख घालून घेतो."

"मी कशाला बोलतेय," हिल्मा म्हणाली.

व्हर्ना ही हिल्माची भावजय, तौनो थोरला भाऊ. कॅम्प म्हणजे त्यांचं रानातलं लाकडी खोपटं. हिल्मानं उभी हयात बरागा गावच्या शाळेची बस चालवली होती. लग्न केलं नाही. बसची नोकरी सुटली तशी ती गावातल्या लोकांच्या करवती, घड्याळं, बोटींची इंजिनं खोलून बसायला लागली. सरोवरावरचा वारा दारं हलवायला लागला की तिच्या गॅरेजातली शेगडी पेटायची ती वसंतापर्यंत. शनिवारी संध्याकाळी मात्र ती तौनोकडे जायची. सॉनात वाफेची अंघोळ, मग कॉफी, वेलदोड्याचा गोड पाव. त्यात कधी खंड पडला नव्हता.

घोंगडीत छऱ्यांची जुनी पंप बंदूक होती. नळीवर झाडाच्या सालीसारखा गंज. दस्त्याला कुणीतरी गोठ्याला लावतात तो तांबडा रंग जाडजूड फासलेला, त्यात ब्रशचे केसही चिकटून राहिलेले. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की काडतूस आत यायचं. ती मूठ जागची हलेना. आत काडतूस आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून हिल्मानं नळीचं तोंड वाळूच्या पेटीकडे करून ठेवलं आणि सांध्यासांध्यांत तेल सोडत राहिली. दोन-तीन दिवसांनी मूठ कुरकुरली, मग सरकली. आत काही नव्हतं. नळीत गांधीलमाशीनं मातीचं घर केलं होतं, तेवढंच.

अशीच एक बंदूक तिच्या वडिलांकडे, ओस्करकडे होती. पण त्या भागात दर दुसऱ्या घरात हीच बंदूक असायची, तेव्हा तिच्या मनात काही आलं नाही. आली ती जुनी सल. बंदुकीचा आवाज झाला की तौनो लहानपणी डोळे मिटून घ्यायचा, म्हणून ओस्कर तित्तिरांच्या शिकारीला मुलीला घेऊन जायचा. "माझ्यामागं ही हिल्माची," असं तो चारचौघांत म्हणायचा. पुढे तो थकला, वृद्धाश्रमात गेला. घर तौनोनं रिकामं केलं. बंदुकीचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "विकली ना बाबांनी. हॉटनचा कुणी माणूस आला होता, हिरव्या गाडीतून. त्याला दिली."

हिल्मानं वडिलांना एका शब्दानं विचारलं नाही. त्या घरात विचारायची रीतच नव्हती. पण मन विटलं. तो हिवाळा ती वृद्धाश्रमात गेली ती पाहुण्यासारखी. कोट न काढता बसायची आणि रस्ता खराब होईल म्हणून उठायची. बर्फ वितळायच्या आत ओस्कर गेला.

आता ती गंज काढत होती. तेल लावायचं, बारीक तारेच्या घासणीनं हलक्या हातानं घासायचं, पुसायचं, पुन्हा तेल. घाई केली तर गंजाबरोबर लोखंडही जातं. हळूहळू खालून काळपट निळा रंग डोकवायला लागला. आतली स्प्रिंग तिनं रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. दस्ता सोडवून त्याच्यावर रंग काढायचं द्रावण ओतलं. तांबडा थर फुगला, पापुद्र्यांसारखा निघाला. खाली अक्रोडाचं लाकूड होतं, चांगलं गडद.

दस्त्याच्या मागच्या टोकाशी ती थांबली. तिथं आडवी, जराशी तिरकी, केसाएवढी रेघ होती. लाकडाचा भोवरा रेघेच्या अलीकडून पलीकडे तसाच गेलेला. म्हणजे तुकडा दुसऱ्या लाकडाचा नव्हता. तोच तुकडा कापून परत तिथंच चिकटवलेला होता.

हिल्मानं अंगठा त्या रेघेवरून फिरवला आणि स्टूल ओढून बसली.

ती लहान होती, दस्ता लांब पडायचा, खांद्याला टेकायचाच नाही. तेव्हा ओस्करनं स्वयंपाकघराच्या टेबलावर बंदूक धरून, डोळ्याच्या अंदाजानं दस्ता कापला होता. आई ओरडली होती, चांगल्या बंदुकीचं वाटोळं केलंस म्हणून. तो तुकडा त्यानं खणात ठेवून दिला. हिल्माचे हात लांब झाले तसा परत चिकटवला. करवत तिरकी गेली होती, म्हणून रेघही तिरकी.

तिनं हात धुतले, नखांतला तांबडा रंग काही निघाला नाही. तशीच गाडी काढून भावाकडे गेली.

व्हर्ना चर्चमध्ये गेली होती. तौनो पायांवर चादर घेऊन टीव्हीवर हॉकी बघत होता.

"आज कुठं शनिवार आहे?" तो म्हणाला.

"कॅम्पच्या सॉनात छपरात काय ठेवलं होतंस?"

त्यानं टीव्हीवरची नजर काढली नाही. आवाज मात्र बंद केला. "व्हर्नाला टाकून द्यायला सांगितलं होतं मी."

"बाबांनी विकली म्हणालास."

"म्हणालो."

"हॉटनचा माणूस. हिरवी गाडी. गाडीचा रंगसुद्धा सांगितलास तू मला, तौनो."

त्यानं चादरीची घडी नीट केली. मग म्हणाला, "वृद्धाश्रमात हलवलं त्या दिवशी घरी बाबांनी माझ्या हातात दिली ती. म्हणाले, हिल्माला नेऊन दे. आणि म्हणाले, सांभाळून धर, तुला सवय नाही. नातवंडं झाली होती मला तेव्हा. न्यायला आलेली नर्स उभी होती तिथं, ती हसली."

"म्हणून?"

"म्हणून काय. गाडीत ठेवली. तुझ्याच रस्त्याला लागलो होतो. मग कॅम्पकडे वळलो."

"वापरायचीस तरी. विकायचीस."

"मला कुठं हवी होती?"

"रंग कशाला फासलास?"

"उरला होता." मग तो म्हणाला, "ते लाकूड बघवत नव्हतं माझ्याच्यानं."

हिल्मा अजून दारातच उभी होती. तिला वाटलं होतं, एवढंच असेल. पण बस चालवता चालवता मागच्या सीटवर कोण काय करतंय हे न बघता ओळखायची तिला सवय होती. भाऊ अजून काहीतरी दडवतोय हे तिला कळलं.

"बाबांना काय सांगितलंस?"

"तुला दिली, असं सांगितलं."

"मग?"

"मग ते विचारायचे. गेलो की विचारायचे. हिल्मा गेली होती का तित्तिरांवर, काही मिळालं का."

"आणि तू काय सांगायचास?"

तौनोनं तोंडावरून हात फिरवला. "एकदा म्हटलं, तिला ती आता जड पडते म्हणे, खांदा दुखतो. कोपऱ्यात उभी करून ठेवलीय. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं."

हिल्माला तो एक दिवस आठवला. ओस्करनं पांघरुणातून हात काढून तिच्या खांद्याकडे बोट केलं होतं, "दुखतो का गं फार?" ती तुटकपणे म्हणाली होती, "माझ्या खांद्याला काय झालंय?" त्यानं मान हलवली होती आणि खिडकीकडे तोंड केलं होतं. बाहेर आल्यावर तिनं नर्सला सांगितलं होतं, बाबांना आता भ्रम व्हायला लागलाय.

म्हणजे ओस्करला वाटलं, पोरगी खोटं बोलतेय. तिला बंदूक नकोय आणि तसं तोंडावर सांगायची लाज वाटतेय.

"बंदूक घेतलीस ते सोड," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी त्या माणसाशी पूर्ण हिवाळा धड बोलले नाही. तुला दिसत होतं."

"दिसत होतं."

"आणि?"

"बरं वाटत होतं," तौनो म्हणाला. "खरं विचारतेस म्हणून सांगतो. पहिल्यांदाच ते माझी वाट बघायचे." मग म्हणाला, "ऑपरेशनच्या आधी तुला सांगणार होतो सगळं."

"मग?"

"मग वाचलो."

हिल्मा निघाली. तिच्या मागे टीव्हीचा आवाज परत सुरू झाला नाही.

बरेच दिवस बाकावर सुटे भाग तसेच पडून होते. येता-जाता तिला ते दिसायचे. मग एका दुपारी तिनं जवसाचं तेल गरम केलं आणि तळहातानं लाकडात चोळायला बसली. सोडूनही देता आलं असतं. पण अर्धवट काम तिच्या हातून कधी राहिलं नव्हतं, आणि वडिलांच्या बंदुकीचंच काम तेवढं अर्धवट ठेवणं तिला जमेना. तेलाचे हात वाळत गेले, वर दुसरे चढले. गंजानं पडलेले खड्डे नळीवर तसेच राहिले. घासून गेले असते, पण नळी पातळ झाली असती. बंदूक जोडली, जुन्या खडीच्या खाणीत जाऊन आधी चापाला दोर बांधून लांबून उडवून बघितली, मग खांद्याला लावून.

शनिवार आले नि गेले. ती तौनोकडे गेली नाही. व्हर्नाचे फोन आले, हिल्मा म्हणाली, त्यालाच विचार.

पानगळीत ती लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटेनं गेली. सफरचंदाच्या रानटी झाडाखालून तित्तिर फडफडत उठलं, तिनं मारलं. नेम चांगला लागला. आनंद होईल असं तिला वाटलं होतं. बराच वेळ ती पक्षी हातात धरून उभी राहिली आणि कुणाला सांगावं ते तिला सुचेना.

तित्तिर साईत शिजत होतं तेव्हा व्हर्ना आली. डोळे सुजलेले. कोट न काढताच ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"सांगितलं त्यानं मला," ती म्हणाली. "एवढी वर्षं त्याच्या शेजारी झोपले गं मी. मला पत्ता नाही." मग म्हणाली, "मी ती खरंच कचऱ्यात टाकली असती तर बरं झालं असतं का?"

हिल्मानं आच मंद केली. "माहीत नाही मला."

"तो विचारतोय, येऊ का म्हणून."

"नको."

"ख्रिसमसला तरी?"

"ख्रिसमसचं आत्ता नको विचारू."

व्हर्नानं मान हलवली. भांड्याकडे बघत हळूच म्हणाली, "त्याला आवडतं हे. हल्ली काही खातच नाही. थोडं डब्यात देतेस?"

 हिल्मानं फडताळातून दोन ताटल्या काढल्या, टेबलावर समोरासमोर ठेवल्या.

"कोट काढ," ती म्हणाली. "तू इथं बसून खा. घरी न्यायला नाही देणार मी."

व्हर्नानं कोट काढला.