चौदा नंबरचा नमुना

आश्रमशाळेच्या ओट्यावर रक्त द्यायला रांग लागली होती आणि त्या रांगेत मोहिनी आठवी उभी होती. यादवने तिला पाहिलं तेव्हा त्याच्या हातात बर्फाची पेटी होती. पेटी तशीच काखेला धरून तो तिच्याजवळ गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तू कशाला आलीस? तुझ्या अंगात रगत हाय का द्यायला? जा घरी."

"सगळ्या गावाचं रगत पायजे नी माझंच नको?" मोहिनी म्हणाली. ती सतरा वर्षांची होती. तिचे डोळे कायम पिवळसर असत, आणि आत्ता ती बापाकडे न बघता पुढच्या बाईच्या पाठीकडे बघत होती.

यादव भोये हा सुरगाण्याच्या डोंगरातला माणूस. नाशिकच्या एका महाविद्यालयात, जीवरसायनशास्त्र विभागात, तो एकवीस वर्षं परिचर म्हणून काम करत होता. विभागप्रमुख साधना मॅडम सिकलसेलवर संशोधन करत होत्या. हा आजार डोंगरपट्ट्यातल्या घराघरात. पण परक्या माणसापुढे तिथल्या बाया बाही वर करत नाहीत, म्हणून मॅडमनी यादवला बरोबर घेतलं होतं. रक्त आरोग्य केंद्राची नर्स काढणार, नळीवर नंबर यादव लिहिणार, आणि कुठला नंबर कुणाचा ही यादी मॅडमच्या कपाटात कुलपात राहणार, असं ठरलेलं होतं. प्रयोगशाळेत नुसते नंबर.

आदल्या गावात सहाजण झाले होते. मोहिनी पाटावर बसली, हात पुढे केला, आणि यादवने नळीवर चौदा लिहिलं. लिहिताना त्याचा हात जरा थांबला. नर्सला वाटलं पेन चालत नाही, म्हणून तिने आपलं पेन पुढे केलं.

मोहिनीच्या आधी एक मुलगा झाला होता. तो दीड वर्षाचा होऊन गेला, तेव्हा कशाने गेला हे कुणी सांगितलं नाही. मोहिनीचे हातपाय लहानपणीच सुजायला लागले तेव्हा आजाराला नाव मिळालं. पुढे एकदा मॅडम वर्गात शिकवत असताना यादव मागे पडदे ओढत होता. हा दोष आईकडून एक आणि बापाकडून एक असा आला तरच मूल आजारी पडतं, हे त्याने तेव्हा ऐकलं. त्या आठवड्यात तो गावी गेला आणि बायकोला, चिमणाबाईला, त्याने ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "म्हंजे एक तुझा नी एक माझा." त्यानंतर त्या दोघांत हा विषय निघाला नाही.

यादवच्या विभागात एक यंत्र होतं. त्याच्यातून प्रकाश उजवीकडे आणि डावीकडे फिरत जातो. प्रथिनाचा धागा आत जसा गुंडाळलेला असेल तसा तो एका बाजूचा प्रकाश थोडा जास्त पितो, दुसऱ्या बाजूचा थोडा कमी. त्या फरकाची रेघ पडद्यावर उमटते आणि रेघेवरून धाग्याची घडी ओळखता येते. यादव बारावी नापास होता, पण या यंत्राची नाडी त्याच्याइतकी कुणाला कळत नव्हती. दिवा लावण्याआधी नायट्रोजन किती वेळ सोडायचा, पावसाळ्यात रेघ थरथरते ती कशाने, हे नवे विद्यार्थी त्यालाच विचारत.

मोहिनी दर महिन्याला औषधं घ्यायला नाशिकला येई. एका शनिवारी दुपारी विभागात कुणी नव्हतं, तेव्हा ती म्हणाली, "बा, माझं रगत दाखव." यादव आधी नाही म्हणाला. मग त्याने खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि चौदा नंबरची फाइल उघडली. पडद्यावर एक रेघ आली, खाली उतरून दोन खड्डे करणारी आणि पुन्हा वर जाणारी. त्याने दुसरी फाइल उघडली, निरोगी माणसाची. ती रेघ पहिलीवर अशी जाऊन बसली की पडद्यावर जणू एकच रेघ उरली.

मोहिनी बराच वेळ बघत राहिली. "सारखंच हाय की. मग माझ्यात वाकडं काय?"

मॅडम दरवर्षी वर्गात सांगत तेच यादवने सांगितलं. चार माळा असतात, सगळे मिळून पाचशे चौऱ्याहत्तर मणी. तुझ्यात त्यातले दोन वेगळे. घडी तीच, पण प्राणवायू सुटला की त्या माळा एकमेकींना चिकटतात, आणि मग रक्ताची पेशी विळ्यासारखी वाकते.

"दोन मण्यांसाठी एवढं दुखतं?" मोहिनी म्हणाली आणि हसली. मग निघाली, कारण सुरगाण्याची शेवटची गाडी चुकली असती.

त्यानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत डोंगरात कडाक्याची थंडी पडली. मोहिनीला ताप आला आणि छातीत दुखायला लागलं. जीपने सुरगाणा, तिथून रुग्णवाहिकेने नाशिक. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. एकोणीस पूर्ण व्हायला दीड महिना बाकी होता. चिमणाबाई तिचे पाय चोळत बसली होती. नर्सने येऊन खांद्यावर हात ठेवला तरी तिचा हात चालूच होता.

पंधरा दिवसांनी यादव कामावर आला. मॅडमनी त्याला खोलीत बोलावून बसवलं, पाणी दिलं. चौदा नंबरविषयी त्या काही बोलल्या नाहीत. यादी त्यांच्याकडे होती, पण त्यांना तो नंबर आठवत होता की नाही, हे यादवला कधी कळलं नाही. तोही बोलला नाही. मोठ्या फ्रीजमध्ये, उणे ऐंशी अंशावर, दुसऱ्या खणात मोहिनीच्या रक्ताची कुपी होती. फ्रीजचा बर्फ खरवडायचं काम त्याचंच. तो तेवढा खण सोडून बाकीचे खरवडत असे.

सप्टेंबरात चैतालीचा शोधनिबंध परत आला. चैताली देवरे नामपूरची, पीएचडी करणारी, तीन वर्षांपासून याच यंत्रावर रात्रंदिवस राबणारी मुलगी. आजारी हिमोग्लोबिनला सावरून धरणारा एक पदार्थ तिने शोधला होता. तो मिसळला की प्रथिन जास्त उष्णता सोसतं, असं तिचं म्हणणं होतं. मासिकाच्या परीक्षकांनी तीन नमुने पुन्हा तापवून दाखवा असं कळवलं होतं.

"काका, नऊ, चौदा आणि बावीस काढून ठेवाल?" ती म्हणाली. "चौदाची एकच कुपी उरलीय. जपून लागेल."

यादव म्हणाला, "चौदा नको. दुसरा कोणता पण घ्या."

चैतालीने समजावून सांगितलं. सगळ्यात चांगला परिणाम चौदावरच दिसला होता आणि परीक्षकांनी नेमका तोच मागितला होता. तो गाळला तर त्यांना वाटणार की हिने लपवलं. यादव ऐकत होता. हातातलं फडकं त्याने घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं.

"ती माझी पोरगी हाय," तो म्हणाला.

चैताली उभी होती ती स्टुलावर बसली. मोहिनी वारली हे तिला माहीत होतं. तेव्हा ती गावी जाऊनही आली होती. पण दोन वर्षं ती जिच्या रेघा मोजत होती ती हीच, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती म्हणाली की नमुना संपला असं मी त्यांना कळवते, निबंध नाही छापला तरी चालेल, काका, तुम्ही तो विषय सोडा. यादवने मान हलवली आणि दोन दिवसांची रजा मागितली.

गावी पोहोचला तेव्हा चिमणाबाई अंगणात नागली पाखडत होती. तो शेजारी बसला आणि त्याने सगळं सांगितलं. तिला इतकंच माहीत होतं की पोरीने एकदा रक्त दिलं होतं. ते अजून कुठे ठेवलेलं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने सूप खाली ठेवलं.

"किती हाय?"

"शेंगदाण्याएवढं."

"लाल?"

"लाल."

मग तिने विचारलं, त्याचं काय करणार. यादवने खरं ते सांगितलं. काचेच्या भांड्यात घालून नव्वद अंशापर्यंत तापवणार, म्हणजे धाग्याची घडी कधी सुटते ते कळतं. त्यानंतर ते काही कामाचं राहत नाही, टाकून द्यावं लागतं.

"नी नाय तापवलं तर?"

"तसंच राहील फ्रीजमधी. वीज हाय तोवर."

चिमणाबाईने पाखडलेली नागली डब्यात भरली, झाकण लावलं, आणि सूप आपटून भिंतीला टेकवलं. घरात जाताना ती उंबऱ्यावर थांबली. "तिनं कोणाला इचारून दिलं होतं? तू नको बोललास तरी दिलं. आता आपण कोण नाय म्हणणारे?"

तिसऱ्या दिवशी सकाळी यादवने कुपी स्वतः काढली. बर्फाच्या भांड्यात हळूहळू वितळू दिली, अर्ध्यात चैतालीचा पदार्थ मिसळला, अर्धं नुसतं ठेवलं. एरवी हे काम चैताली करे. त्या दिवशी तिने ते त्याच्याकडून काढून घेतलं नाही. दोघं यंत्रासमोर बसले. आधी नुसतं लावलं. वीस अंशापासून रेघ सरळ निघाली. चाळीस, पन्नास, साठ. यादव आकडे मोठ्याने वाचत होता, तसं वाचायची गरज नसताना. त्रेसष्टला रेघ वळली आणि मग भराभर वर गेली. आतलं पाणी गढूळ झालं. यंत्र परत गार केलं, तरी रेघ मागे आली नाही. ती कधी येत नाही, हे दोघांना ठाऊक होतं.

दुसऱ्या खेपेला, पदार्थ मिसळलेलं लावलं तेव्हा रेघ सदुसष्टपर्यंत सरळ राहिली.

"चार अंश," चैताली म्हणाली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती वहीत आकडा लिहीत होती. यादवने काचेचं भांडं काढलं. नियमाप्रमाणे ते औषधाच्या पाण्यात बुडवलं आणि नळाखाली दहा मिनिटं धरून ठेवलं.

निबंध डिसेंबरात स्वीकारला गेला. आभारात मोहिनीचं नाव घालावं असं चैतालीला फार वाटत होतं. नियमात ते बसत नव्हतं, आणि यादवही नको म्हणाला. त्याने फक्त त्या शेवटच्या रेघेचा कागद मागून घेतला. चैतालीने तो जाड कागदावर छापून दिला.

चिमणाबाईला वाचता येत नाही. तिने हात पदराला पुसले, कागद मांडीवर घेतला आणि विचारलं, "ह्यात ती कोठं?"

यादवने तिचं बोट धरून रेघेच्या सुरुवातीला ठेवलं. तिथून ते सावकाश पुढे नेत तो सांगत गेला. हे गार, हे कोमट, हे आपल्या अंगाएवढं ऊन, हे चहाएवढं. इथवर धरून होती. इथून सुटली.

त्याने हात काढून घेतला. चिमणाबाईचं बोट वळणाच्या अलीकडे थांबलं होतं. ते तिने मागे आणलं, पुन्हा सावकाश पुढे नेलं, परत मागे आणलं. वळणाच्या पुढे तिने ते नेलं नाही.