अद्रकीच्या वाफ्यातला ओलावामापक

मित्रांनो, वयाने मी फक्त सहा वर्षांचा आहे. पण ऊन, चिखल आणि उंदीर यांच्यात पाच वर्षे काढलेल्या उपकरणाला जुनेच म्हणतात. मी ओलावामापक. देवगाव रंगारीच्या कडूबांच्या शेतात, अद्रकीच्या वाफ्यात मी वीतभर खोल उभा असतो.

माझी रचना साधी आहे. पाण्याने भरलेली एक पारदर्शक नळी, खालच्या टोकाला भाजलेल्या मातीचे बोंड आणि वर काट्याची तबकडी. बोंडाला इतकी बारीक छिद्रे आहेत, की त्यांतून पाणी जाते, हवा जात नाही. माती कोरडी होऊ लागली की ती त्या छिद्रांतून माझ्यातले पाणी ओढू पाहते. ही ओढ जितकी जास्त, तितका माझा काटा वर चढतो. काटा शून्यावर असेल तर माती पाण्याने भरलेली आहे. तिसाच्या पुढे गेला तर पाणी द्यायला हवे. माझी सगळी विद्या त्या छिद्रांत आहे. बाकीचा मी म्हणजे नुसता सांगाडा.

कारखान्यातून मी शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात आलो आणि फवारणी पंपांच्या मागे वर्षभर पडून राहिलो. तिथून मला राजनंदिनीने बाहेर काढले. ती कडूबांची लेक. कृषी पदवीधर असून पडेगावात राहते आणि शहरातल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी करते. त्याआधीच्या हंगामात कडूबांनी अद्रकीला रोज पाणी दिले होते. पीक तहानलेले राहू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. परिणामी कंद जमिनीतच कुजले आणि सगळ्या वाफ्यांतून पुढच्या लावणीसाठी निरोगी बेणे निघाले ते एकच पोते.

मला पाहून कडूबा म्हणाले, "ही सलाईन कुणाला लावायची गं?"

"तुम्हालाच, बाबा," राजनंदिनी म्हणाली. "काटा तिसाच्या आत असला, तर मोटारीच्या बटनाला हात लावायचा नाय."

त्या हंगामात कंद कुजले नाहीत. नळीने अद्रक वाचवली, असे कडूबा गावभर सांगत सुटले. हे पूर्ण खरे नव्हते. त्या वर्षी पाऊस बेताचा होता आणि राजनंदिनीने बेण्यावर बुरशीनाशकाची प्रक्रियाही केली होती. एका वाफ्यात तीन कारणे असताना एकट्याने श्रेय घेणे शास्त्राला धरून नाही. तरी कौतुक ऐकायला मला बरे वाटले, हे कबूल करतो. तीन वर्षांत त्या एका पोत्याची अर्धा एकर अद्रक झाली. घरचे सगळे बेणे आता त्याच अर्ध्या एकरात होते.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. कडूबांनी नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, खुरपी धुऊन ओळीने मांडली. गंज चढू नये म्हणून लोखंडाला तेल चोपडले, हळदकुंकू वाहिले. त्यांनी मलाही वाफ्यातून अलगद काढून त्या ओळीत बसवले आणि माझ्या बोंडाला करडईचे तेल चोळू लागले.

त्यांच्या पत्नी सारजाबाई बाजूलाच उभ्या होत्या. "आवं, ते काय लोखंड हाये का?"

"लई केलं यानं आपल्यासाठी," कडूबा म्हणाले. "पूजेत आडवं बोलू नको."

मला मिळालेला तो सर्वांत मोठा मान होता, आणि त्यानेच माझे तोंड बंद झाले. तेलाने छिद्रे बुजली. मला परत वाफ्यात रोवले, तेव्हा माती कितीही ओढू लागली तरी माझ्यातले पाणी हलेना. काटा शून्यावर बसून राहिला.

पाऊस गेला होता आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागले होते. कडूबा रोज सकाळी येऊन तबकडी पाहत आणि समाधानाने परत जात. दहाव्या दिवशी अद्रकीची पाने सुरळीसारखी वळली. सारजाबाईंनी माझ्याशेजारीच खुरप्याने खणले, मूठभर माती उचलली आणि दाबली. तिचा गोळा झाला नाही. ती बोटांतून गळून गेली.

"बघा. पीठ झालंय नुसतं. मोटार चालू करा."

"काटा शून्यावर हाये. वल भरपूर हाये खाली."

"काट्याला तहान लागत नाय, म्हणून त्यो गप हाये. अद्रकीचं तोंड बघा की जरा."

"एकदा माझ्या मनानं पाणी दिलं तर सगळं सडलं," कडूबा हळू आवाजात म्हणाले. "आता एवढंच बेणं ऱ्हायलंय, सारजा. हे गेलं तर पुढच्या साली लावायचं काय?"

त्यांची भीती खोटी नव्हती आणि सारजाबाईंची मातीही खोटी नव्हती. खोटा मी होतो, आणि मला ते सांगता येत नव्हते.

सारजाबाईंनी भांडण वाढवले नाही. त्यांनी लेकीला फोन लावला आणि तेलाची हकिकतही सांगितली. राजनंदिनी म्हणाली, "आई, ती नळी काढ, टोक पूस आणि वाऱ्यावर टांग. टोक सुकायला लागलं की काटा चढलाच पाहिजे. तासाभरात नाय चढला, तर नळी बिघडली समजा आणि पाणी द्या."

मला बाभळीच्या फांदीला टांगले. दोघेही समोर बांधावर बसले. भर उन्हात वारा वाहत होता. तास संपला, काटा शून्यावरच.

कडूबा उठले. "म्हंजे दहा दिस यडा बनवला मला यानं."

"यानं नाय," सारजाबाई म्हणाल्या. "तुमच्या तेलानं."

कडूबा हसले आणि मोटारीकडे निघाले. रविवारी राजनंदिनीने माझ्यासाठी नवे बोंड आणले, कारण जुन्यातले तेल काही निघाले नाही. जानेवारीत काढणी झाली. कडेचे वाफे सुकून गेले होते, मधले तगले. बेणे पुरेसे निघाले आणि या वर्षीही अर्धा एकर अद्रक उभी आहे.

मित्रांनो, ज्यांनी मला घडवले, दुकानातून उचलून आणले, पूजेत बसवले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. पण सर्वांत मोठे उपकार सारजाबाईंचे. त्यांनी माझ्यावर शंका घेतली आणि ती तपासूनही पाहिली. विज्ञान म्हणजे याहून फार वेगळे काही नाही. माझ्यासारख्या उपकरणांना जपा: नळीतले पाणी भरलेले ठेवा, बोंड स्वच्छ ठेवा, आठवड्यातून एकदा वाऱ्यावर धरून पाहा. आणि ज्या दिवशी माझा काटा एक सांगेल आणि तुमचा हात दुसरे, त्या दिवशी वाद घालत बसू नका. खाली वाका आणि खणून पाहा.