वडाचे उलटे फेरे

माझा दीर लीलाधर मुंबईत बसून काय संशोधन करतो, हे नशिराबादेत कोणालाच धड ठाऊक नव्हतं. पदार्थविज्ञान एवढा शब्द सांगून सासूबाई विषय बदलायच्या. मी पडले वहिनी, त्याला चिडवायचा हक्क माझाच.

त्या वर्षी त्याला एरंडोलची प्रमिला दाखवली. मुलीनं एकच विचारलं, तुम्ही नेमकं काम काय करता? या शहाण्यानं भर बैठकीत तासभर व्याख्यान झोडलं. तिच्या वडिलांना, आबांना, बसल्या जागी पेंग आली. कळवतो, एवढंच तिच्याकडचे म्हणाले. तेव्हापासून लीलाधरचं जेवणात लक्ष नव्हतं. मुलगी त्याच्या मनात भरली होती, आणि आता नकारच येणार असं त्यानं धरून ठेवलं होतं. मला त्याची कीवही यायची आणि रागही.

वटपौर्णिमेला प्रमिला आमच्या शेजारी, तिच्या मावशीकडे, म्हणजे सुंदरबाईंकडे आली. दोघी वडापाशी येणार हे कळताच मी पूजेचं ताट धरायला म्हणून लीलाधरला ओढत नेलं. मी सूत गुंडाळत फेरे घालत होते. हा ताट धरून तिच्याकडे बघत राहिला आणि एका बकरीनं ताटातल्या दोन आंब्यांतला एक पळवला. मी रीळ हातात तसंच घेऊन तिच्यामागे धावले, झाडाभोवतीच, पण उलट्या बाजूनं. घातलेलं सूत सैल पडून सुटत आलं.

"तुना फेरा उलटा गया, वं माय," सुंदरबाई म्हणाल्या.

बायका हसायला लागल्या. मी चिडून सूत तोडायला निघाले.

"वहिनी, तोडू नका," लीलाधर म्हणाला. "माझं काम हेच आहे."

मग तो सांगायला लागला. सुताचा वीतभर तुकडा कुठेही पाहा, सारखाच दिसतो. ते कोणत्या बाजूनं गेलं, किती फेरे झाले, त्यावरून कळत नाही. ते सबंध झाडाभोवती फिरल्यावरच कळतं. मधे झाड आहे म्हणून फेरे टिकतात, नुसतं ओढून कमी होत नाहीत. आणि आरशात पाहिलं तर सुलटा फेरा उलटा दिसतो. अणूच्या पोटातल्या कणांना बांधणाऱ्या बलातही असे फेरे असतात. जवळून पाहिलं तर डावं-उजवं एकसारखं, पण फेरे हिशेबात धरले की दोन्हींत फरक पडायला हवा.

मला कळलं. मला कळलं म्हणजे कोणालाही कळावं.

"मग पडतो का फरक?" प्रमिलानं विचारलं.

लीलाधर घुटमळला. बैठकीत हा भाग त्यानं गाळला होता. नवऱ्या मुलानं माहीत नाही म्हणू नये, अशी सासूबाईंची ताकीद होती.

"नाही," तो म्हणाला. "लोकांनी फार बारकाईनं मोजून पाहिलं, सापडत नाही. का, ते मला माहीत नाही. अजून कोणालाच नाही. मी त्यावरच अडून बसलोय."

मी कपाळाला हात लावला. झालं, गेलं स्थळ.

प्रमिला मावशीकडे वळून म्हणाली, "आजवर मला बघायला आले त्या सगळ्यांना सगळं माहीत होतं. आबांना कळव, मला हे पसंत आहेत."

लीलाधर ताट धरून तसाच उभा राहिला. बकरीनं येऊन उरलेला आंबाही नेला, आणि या वेळी मी तिच्यामागे गेले नाही.