फोनवरची देदा

देस्पिनाला वाटलं, मला वेड लागलंय. तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं, आणि मी तिच्याइतकी गोड बोललेही नसते.

तिच्या वडिलांना, थानासिस आजोबांना, मी सांभाळते. इथे ग्रीसमध्ये, थेसालोनिकीत, आम्हा जॉर्जियन बायांची हीच कामं. आपली म्हातारी माणसं तिकडे ठेवायची आणि इथल्यांना सूप भरवायचं. आजोबांना आता काही आठवत नाही. मला ते कधी बहीण समजतात, कधी आई, आणि देस्पिना प्रत्येक वेळी सुधारते, "बाबा, ही लामारा."

वसंतात तिकडे जॉर्जियात, कुताइसीला, माझी आई वारली. माझे इथे राहण्याचे कागद तेव्हा कचेरीत अडकले होते. गेले असते तर परत येता आलं नसतं. आईला मातीआड करताना मी फोनच्या पडद्यावर पाहिलं. स्वयंपाकघरात "देदा, देदा" करत एवढी रडले, की देस्पिनाने विचारलं, देदा म्हणजे काय? म्हटलं, आई.

आमच्या भाषेतला तेवढा एक शब्द ती शिकली आणि तिथेच घोळ झाला. पुढे रोज दुपारी माझ्या खोलीतून तिला ऐकू यायचं, देदा असं आणि देदा तसं. मधेच मी हसायचे, मधेच खेकसायचे. बरेच दिवस तिने ऐकून घेतलं. मग एकदा कॉफी पुढे ठेवून म्हणाली, "लामारा, माझ्या ओळखीची एक मानसशास्त्रज्ञ आहे. नुसतं बोलायचं तिच्याशी. माझ्यासाठी जा."

मला वाटलं, माझं रडणं बघून म्हणत असेल. पण डोकं ठिकाणावर नसलेल्या बाईच्या हाती कुणी आपला बाप देत नाही. हे काम गेलं की कागद गेले, आणि आजोबा दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव फोतिनी. वयाने माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. आज वार कोणता, ऋतू कोणता, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढून काटे दाखवा. सगळं केलं.

"एकट्या असताना आवाज ऐकू येतात?"

"येतात. वरच्या मजल्यावरची बाई घरात टाचांचे बूट घालून फिरते."

"टीव्हीवर तुमच्याबद्दल बोलतायत असं वाटतं?"

"टीव्हीवर फुटबॉल सोडून कशाबद्दल बोलतात?"

ती हसली. मला ती आवडली, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. मग तिने पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्ही रोज देदाशी फोनवर बोलता ना?"

आमचा शब्द तिच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. "बोलते तर. रोज दुपारी."

"ती उत्तर देते?"

"उलट उत्तरं देते."

"काय म्हणते?"

"भूक नाही म्हणते. स्वेटर घाल म्हटलं तर घालत नाही. काल तर केस कापून आली, मला न विचारता."

"म्हणजे तुम्हाला ती दिसली?"

"दिसली की. ध्यान दिसत होतं नुसतं."

फोतिनीने माझ्या हातावर हात ठेवला. "लामारा, देदा आता या जगात नाही."

"सालोमे? कुणी सांगितलं तुम्हाला?" मी पिशवीत फोन शोधायला लागले. सापडेना.

"थांबा, थांबा. सालोमे कोण?"

"माझी मुलगी. देदा. तिच्याबद्दलच विचारताय ना तुम्ही?"

मग मी तिला सांगितलं. आमच्यात मूल आईला देदा म्हणतं आणि आईसुद्धा मुलाला देदाच म्हणते. जेव गं देदा, झोप रे देदा. असं का, ते मला विचारू नका. माझी आई मला तसंच म्हणायची.

फोतिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि जिवात जीव आल्यावर मीही हसले. आता सुटले असं वाटून मी उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मनातल्या मनात मी तुम्हाला एका आजाराचं नाव देऊनही टाकलं होतं. ते चुकलं. पण एक विचारते. 'जेव गं देदा' असं आता तुम्हाला कोण म्हणतं?"

शंभरातून सात वजा केले होते, घड्याळ काढलं होतं, आणि इथे मी लहान मुलीसारखी रडले. तिने मला रडू दिलं. "हा आजार नाही," ती म्हणाली. "तुमची आई गेलीय. गुरुवारी परत या, नुसतं रडायला या."

फोतिनीने माझ्यासमोरच देस्पिनाला फोन करून सगळं सांगितलं होतं. घरी पोचले तेव्हा ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बिचारी माझ्याकडे बघेना. तिने पानं घेतली. मी आजोबांना मसुराचं सूप भरवायला बसले. दोन घास घेतल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि चमचा माझ्याकडे वळवला.

"आई, तू जेवलीस का?"

देस्पिनाने सुधारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"नाही अजून," मी म्हटलं.

देस्पिना उठली आणि तिने मला वाढलं.