फडक्यावरची तांबडी भुकटी

"हे फडकं कुठलं?" कार्सोनोंनी विचारलं.

गिमान फिटर हसला. "रोटरचं, पाक कार्सोनो. तुम्हीच म्हणालात ना, पाहुणे येतायत, अंगणासारखा लख्ख कर. केला."

फडक्यावर कोकोसारखी मऊ, तांबडी भुकटी होती. कार्सोनोंनी ती चिमटीत चोळून पाहिली. रोटर म्हणजे जनित्राचा फिरणारा गाभा. त्याच्या खाचांत पाचरा बसवलेल्या असतात. दोन पाचरा टेकतात तिथं, डोळ्याला दिसणार नाही इतकं घासत घासत, पोलादाला तडा जातो. बाहेर कळतं ते एवढ्या भुकटीवरून.

"कुठल्या पाचरेपाशी होती?"

"थोडी इथं, थोडी तिथं. मी काय खुणा करत बसू?"

पूर्व जावातल्या या वीजकेंद्रात कार्सोनो फोरमनच्या हातचं यंत्र कधी उशिरा सुरू झालं नव्हतं, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. आज निवृत्तीआधीचं शेवटचं. शुभकार्याच्या रिवाजाप्रमाणे पिवळ्या भाताचा डोंगर रचून तयार होता. मोठे साहेब तो कापणार, मग रोटर जागेवर जाणार. नव्या बाटिक सदऱ्यातले कार्सोनो निम्मे नवरदेवच दिसत होते.

ते तडक प्रमुख अभियंता एंदाहबाईंकडे गेले.

"बू एंदाह, रोटर आज आत जाणार नाही. सगळ्या पाचरा काढून बघायच्या."

"सगळ्या? पुरावा काय, पाक?"

"हे फडकं. बाकीचा मीच पुसायला लावला."

"उशीर अहवालात तुमच्या नावावर चढेल. जाता जाता."

"चढू दे. यंत्र फुटलं तर ज्यांच्या नावावर चढेल, ती पोरं अजून नोकरीत आहेत."

साहेब आले, भात कापला, जेवले, हसतमुखानं गेले. रोटरकडे पाहिलंही नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

कार्सोनोंनी सदरा काढून खुंटीला टांगला. पाचर काढायची, खाचेला लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पूड मारायची; तडा असेल तर त्यात मुरलेला रंग पुडीवर उमटतो. तिसऱ्या दिवशी पांढऱ्यावर पापणीच्या केसाएवढी लाल रेघ उमटली.

एंदाह वाकून बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिल्या.

"अहवाल गेला?" कार्सोनोंनी विचारलं.

"गेला. खुणा पुसल्या, कार्सोनो. उशीर, कार्सोनो."

"आणि तडा शोधला कुणी, ते?" गिमान मध्येच म्हणाला.

"त्याला रकाना नाही."

कार्सोनोंनी मान हलवली. खडूनं रेघेभोवती गोल केला आणि गिमानला म्हणाले, "पुढची काढ."