बाटलीतला दुसरा ठिपका

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली फुंकरबाबाच्या दारात पहाटेपासून रांग लागायची. कुबड्या टेकत आलेली माणसं तासाभराने त्याच कुबड्या काखेत मारून टुणटुणीत परत जायची. बाबा पांढऱ्या पुडीवर फुंकर घालायचा आणि म्हणायचा, “डॉक्टरची सुई कातड्यापर्यंत जाते, माझी फुंकर हाडापर्यंत.” पुडी चुकवली तर दुखणं दुप्पट होऊन येईल, अशी तंबीही द्यायचा. ते खरंच यायचं, म्हणून तर लोकांचा विश्वास आणखी घट्ट व्हायचा.

दोघी बहिणींतल्या धाकटीचे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, बस चालवत. वीस वर्षांच्या गचक्यांनी मोडलेली त्यांची कंबर पुडीने आठवड्यात सरळ झाली. मग एका दुपारी त्यांची बस रिकाम्या रस्त्यावर खांबाला जाऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही, पण नियमाप्रमाणे भाऊजींची लघवी तपासायला गेली, ती नेमकी धाकटी काम करायची त्याच प्रयोगशाळेत. लघवीत अफूच्या जातीचं, गुंगी आणणारं औषध निघालं. सोमवारी चौकशी ठरली. नोकरी गेल्यातच जमा होती.

भाऊजींनी उभ्या जन्मात सिगारेटसुद्धा ओढली नव्हती. ताई बाबाकडे धावली. बाबाने भर गर्दीत डोळे मिटून सांगितलं, की लघवीच्या बाटलीत वरून विष टाकलंय, आणि तेही घरातल्याच हाताने.

ताई तडक धाकटीच्या दारात. “लहानपणी माझी वेणी कापलीस, तेव्हाही तोंड असंच साळसूद होतं. तूच टाकलंस ना?”

धाकटीला एवढा राग आला, की रडायचं राहूनच गेलं. रविवारी प्रयोगशाळेत ये, म्हणाली. येताना स्वतःची लघवी आण आणि बाबाची एक पुडी.

“माझी कशाला?”

“तुझा निदान तुझ्यावर तरी विश्वास आहे ना?”

रविवारी सगळं ताईनेच हाताळलं. आपल्या लघवीचे तिने दोन भाग केले आणि एकात पुडी कालवली. तिसरी बाटली भाऊजींची, सकाळी तिच्यासमोर भरलेली; त्यांची पुडी अजून चालूच होती. तिन्हींतला अर्क पांढरा थर दिलेल्या काचेवर शेजारी शेजारी लावून धाकटीने काचेची कड द्रवात उभी केली. द्रव वर चढला. मग रंग उमटवणारा फवारा मारला.

ताईच्या साध्या लघवीत काहीच उमटलं नाही. पुडी कालवलेल्या लघवीत एक ठिपका. भाऊजींच्या लघवीत तोच ठिपका, आणि त्याच्याखाली आणखी एक.

“हा खालचा कुठला?” ताईने विचारलं.

“पोटात गेलेल्या औषधाची यकृतात मोडतोड होते, त्यातून हा बनतो. बाटलीत वरून टाकलं तर वरचा एकच दिसतो, तुझ्या पुडीसारखा. हे भाऊजींनी गिळलंय, ताई. आणि कुठून गिळलं, तेही तूच आता कालवून दाखवलंस.”

ताई काच उचलून थेट बाबाच्या दारी गेली आणि रांगेपुढे उभी राहिली. म्हणाली, “यांची फुंकर तपासायची असेल, तर फुंकर न घातलेली पुडी मागा. तीही तेवढीच चालते. दुखणं दुप्पट होतं, ते पुडीतल्या गुंगीच्या औषधाची सवय लागते म्हणून.”

बाबा त्याच संध्याकाळी पसार झाला, पण पुढच्या गावात पकडला गेला. भाऊजी तीन महिने दवाखान्याच्या फेऱ्या मारत होते. सवय सुटली, कंबर मात्र थोडी दुखतच राहिली. चौकशीत ती काच मान्य झाली होती, म्हणून बस त्यांना परत मिळाली. धाकटी त्याच प्रयोगशाळेत प्रमुख होऊन निवृत्त झाली. ताई गेली, पण जाईपर्यंत दर नव्या औषधाला तिचा एकच प्रश्न असे: “यात काय आहे?”

तो विचारायला प्रयोगशाळा लागत नाही.