पाण्यातली मायाक्का

"आदी तिला पाण्यातनं भाईर काढ, मग पिते मी तुज्या घरचं पाणी," फुलाबाई दारातूनच म्हणाली.

राजाबाईनं पुढं केलेला तांब्या मागं घेतला. "मग तानलेलीच जा की," ती म्हणाली.

थोरली जाऊ आईच्या जागी असते म्हणतात. म्हणणाऱ्याला जाऊ नसावी. फुलाबाई कुंभारीहून भर उन्हात चालत आली होती. पाय धुळीनं भरले होते आणि डोळे रडून सुजले होते. ते पाहून राजाबाईला बरं वाटलं. खरं सांगायचं तर नवरा गेल्यापासून इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

खोलीच्या कोपऱ्यात पितळेचं पातेलं होतं. त्यात पाणी, आणि तळाशी चांदीचा टाक. धनगराच्या देव्हाऱ्यात देव असे पत्र्यावर ठोकून उठवलेलेच असतात, रुपयापेक्षा थोडे मोठे. देव पाण्यात घालायची रीत आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पोर आजारी पडलं, कोर्टात कज्जा उभा राहिला, की बाया देव पाण्यात ठेवतात. गुदमरला की तो धावाधाव करून काम उरकतो, मग त्याला पुसून, ओवाळून जागेवर बसवायचं. चार दिवस, फार तर पंधरवडा. राजाबाईची देवी मायाक्का मात्र वर्षानुवर्षं पाण्यात होती. मध्ये सोलापुरात मार्शल लॉ येऊन गेला, तरी ती बाहेर आली नव्हती.

रोज सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आत राजाबाई ते पाणी बदलायची आणि हात जोडून एकच मागायची, "सिद्धाप्पाचं वाटोळं कर. त्याला माज्यासारखं उगड्यावर आण. मग तुला भाईर काढते." एवढं झालं की पदर खोचून सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला जायची.

सिद्धाप्पा म्हणजे फुलाबाईचा नवरा, राजाबाईचा थोरला दीर. राजाबाई आईची एकुलती एक. मागं पुजायला कुणी उरणार नाही म्हणून आईनं लग्नात तिच्या ओटीत घरची मायाक्का घातली. सासरी बिरोबा होता. दोन्ही टाक देव्हाऱ्यात शेजारी शेजारी बसले. धनगरांच्या सांगण्यात मायाक्का ही बिरोबाची बहीणच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मग राजाबाईचा नवरा धुळा तापानं गेला आणि सिद्धाप्पाला एकदम वावगं वाटलं. "परक्या घरचा देव आणलीस, त्यानं माजा भाऊ खाल्ला," असं ओरडून त्यानं देव्हाऱ्यात हात घातला आणि टाक मेंढरांच्या वाड्यात भिरकावला. राजाबाईनं लेंड्या चिवडून तो शोधला. ती वर आली तर दाराला आतून कडी होती. पदरात पोर नाही, माहेर नाही. टाक ओटीत घालून ती चालत सोलापूरला आली.

घराचं आणि मेंढरांचं तिनं कधीतरी सोडूनही दिलं असतं. देवीला लेंड्यांत फेकली, ते काही सुटत नव्हतं.

आणि आता सिद्धाप्पा अंथरुणाला खिळला होता. पायांत जोर नव्हता, पाठीला जखमा झाल्या होत्या, औषध लागू पडत नव्हतं. गावच्या देवरुष्यानं सांगितलं होतं की तुमच्या भावकीतला एक देव पाण्यात कोंडलाय. त्याची आणि घरच्या देवाची भेट घाला, माणूस उठेल.

"आमी बी बिरोबा पाण्यात ठिवलाय, ह्यांच्यासाटी," फुलाबाई म्हणाली. "पर देवरुषी म्हनतोय, तिकडं एकजण गळा आवळतीया आन् हितं एकजण सोडवतीया. देवानं ऐकायचं कुणाचं?"

"जिनं आदी सांगितलंय तिचं."

"राजाबाई, पाया पडते तुज्या."

"तुमी कशाला पडताय, आक्का? त्यांलाच आणा. माज्या दारात, समद्या चाळीदेखत सांगू द्या काय केलं ते. मग काढते."

"उठून बसवत न्हाय गं त्यांला."

"गाडीत घाला. मी तर चालत आल्ते."

फुलाबाई तशीच तहानलेली परत गेली. शेजारच्या खोलीतली रुद्राणी दाराआडून सगळं ऐकत होती. ती लिंगायताची, अक्कलकोटकडची, राजाबाईच्याच खात्यात कामाला. ऐकून न ऐकल्यासारखं करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"तुमच्यात देव लई, म्हनून भांडणं बी लई," ती बाहेर येत म्हणाली. "आमचं बग, गळ्यात एक लिंग. त्यो एकच हाय बग. तुजी मायाक्का बी त्योच, त्यांचा बिरोबा बी त्योच. नावं तेवडी येगळी."

"मग मी वाटोळं मागतीया आन् ती आयुष्य मागतीया, ते एकाच्याच कानात जातंय व्हय?"

"जातंय की."

"मग असला देव काय करायचाय मला? मला माज्या बाजूचा पायजे."

तेवढ्यात रुद्राणीच्या तव्यावरची भाकरी करपायला लागली आणि ती आत पळाली. मोठमोठ्या प्रश्नांचं चाळीत असंच होतं. चुलीपुढं कुणाचं काही चालत नाही.

गिरणीला सुट्टी होती त्या दिवशी बैलगाडी आली. राजाबाईनं चाळीत आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बाया कामं उरकून दारादारांत उभ्या होत्या. तमाशाला येतात तशा, म्हणायला हरकत नाही. गाडीत घोंगडीवर सिद्धाप्पा होता. एका हातानं एडका उचलणारा तो माणूस आता स्वतःचं डोकंसुद्धा उचलू शकत नव्हता. फुलाबाईनं त्याला पाठीमागून धरून बसवलं.

त्याला पाहताच राजाबाईचा हात आपोआप डोक्याकडं गेला आणि पदर पुढं ओढला गेला. थोरल्या दिरासमोर ती आयुष्यात कधी उघड्या तोंडानं उभी राहिली नव्हती. मग तिचा तिलाच राग आला. तिनं पदर मागं सारला आणि त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"सांगा," ती म्हणाली.

सिद्धाप्पाच्या ओठांना कोरड पडली होती. "मी हिला घराभाईर काडली," तो म्हणाला. "मेंढरांतला वाटा दिला न्हाय. हिचा देव लेंडीत टाकला."

"मोट्यानं सांगा. पलीकडच्या बायांला ऐकू आलं न्हाय."

त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, आणि त्याला खोकल्याची उबळ आली. बाया चुकचुकल्या. राजाबाईला वाटलं होतं, हे शब्द कानांवर पडले की पोट भरेल. पोट काही भरलं नाही. पण बोली ती बोली. ती आत गेली आणि पातेल्यात हात घालून टाक बाहेर काढला.

फुलाबाईनं कनवटीच्या फडक्यातून आपला टाक काढला. भेट घालायची तर दोन्ही देव एकाच ताटात धुवायचे, असं देवरुष्यानं सांगितलं होतं. राजाबाईचा टाक पाण्यानं काळाकुट्ट झाला होता, फुलाबाईचा भंडारा बसून बसून पिवळा. रुद्राणीनं चिंच आणून दिली. फुलाबाईनं दोन्ही टाक चिंचेनं चोळले, पाण्यातून काढले, एकावर एक ठेवून भावाबहिणीची भेट घातली, पुन्हा चोळले, पुसले आणि घोंगडीच्या टोकावर मांडले. चांदी लख्ख निघाली.

"दे माजी," राजाबाई म्हणाली.

फुलाबाईचा हात एका टाकावर गेला, मग दुसऱ्यावर, आणि तिथंच थांबला.

"ही... न्हाय, ही वाटतीया."

राजाबाई वाकली. रुद्राणीही वाकली. दोन्ही टाकांवर आता नाक, डोळे, हात, हत्यार काही उरलेलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या सणावाराला चिंचेनं आणि राखेनं घासून घासून भक्तिभावानं सगळं पुसून टाकलं होतं. मधोमध एक फुगवटा तेवढा शिल्लक, ह्यावरही आणि त्यावरही. इतकी वर्षं आपण पाण्यातून रोज पाहिलं ते काय पाहिलं, हे राजाबाईला कळेना. ती गोंधळली, आणि गोंधळली म्हणून आणखी चिडली.

"आमी कशाला डोस्कं खाजवायचं?" ती ताठ होत म्हणाली. "त्यांलाच इचारा की. त्यांला तवा बरूबर वळखू आलं हुतं, घरचा देव कंचा आन् परक्याचा कंचा."

तिनं दोन्ही टाक तळहातावर घेतले आणि सिद्धाप्पाच्या तोंडासमोर धरले. "लावा बोट."

सिद्धाप्पानं बराच वेळ पाहिलं. त्याचा हात घोंगडीवरून थोडा वर आला आणि पुन्हा खाली पडला.

"तवा बी कळलं न्हवतं," तो म्हणाला. "रागात हुतो. हाताला लागला त्यो फेकला."

राजाबाईला आधी नुसता अपमान कळला. जिच्यासाठी तिनं सगळी वर्षं जाळली ती गोष्ट ह्या माणसानं नीट पाहूनसुद्धा केली नव्हती. आणि मग दुसरं कळलं. तिच्या पातेल्यात बिरोबा असेल, धुळाचा देव. मेंढरं घेऊन निघताना धुळा ज्याला भंडारा लावून निघायचा, तोच असेल. त्याच्याच समोर रोज उभं राहून तिनं धुळाच्या भावाचं वाटोळं मागितलं असेल.

"म्हंजी मी भंडारा लावत हुते कुणाला?" फुलाबाई हळूच म्हणाली, नवऱ्याला की स्वतःला ते कळलं नाही. "मी तर दोगांची बी नावं घ्यायची. म्होरं एकच टाक हुता तरी. सून आडली तवा मायाक्कालाच हाक मारली, बाईचं दुकनं बाईला कळतंय म्हनून. सुटली की सून."

रुद्राणीनं तोंड उघडलं.

"तू गप," राजाबाई म्हणाली.

तिनं एक टाक उचलला. कुठला ते तिनं पाहिलं नाही, पाहून उपयोगही नव्हता. तो सिद्धाप्पाच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटली. त्याच्या बोटांत काडीचाही जोर नव्हता.

"ह्यो न्या तुमचा," ती म्हणाली. "बरं झालासा तर माज्या मायाक्कानं उठवलं म्हना. मेलासा तर तुमच्याच बिरोबानं न्हेलं. आन् रोज कुणाच्या म्होरं डोस्कं टेकताय ते तुमाला जल्मात कळायचं न्हाय. देव सोडला मी. तुमाला सोडलं न्हाय."

सिद्धाप्पानं मान हलवली, जणू हिशोब बरोबर आहे. फुलाबाईनं डोळे पुसले आणि गाडीवानाला खूण केली. जाताना तिनं राजाबाईच्या रांजणातून पाणी मागून घेतलं आणि घटाघटा प्याली. ‘देव सोडला मी, तुमाला सोडलं न्हाय’ हे राजाबाईचं वाक्य चाळीतल्या बायांना फार आवडलं. पुढं नळावर भांडणं झाली की त्या ते एकमेकींना ऐकवायच्या.

मोठेपणा मिरवून झाल्यावर राजाबाई आत आली आणि तिच्या लक्षात आलं की रोज कुणापुढं डोकं टेकतोय ते कळायचं नाही, हे त्याला ऐकवलं ते आपल्यालाही तेवढंच लागू आहे. तिच्या हातातही एक टाक होता. फुलाबाई भंडाऱ्याची पुडी विसरून गेली होती. राजाबाईनं फळी पुसून टाक तिथं टेकवला आणि चिमटीत भंडारा घेतला. कपाळ कुठं असेल ते दिसेना. वरची बाजू कुठली आणि खालची कुठली तेही कळेना. शेवटी तिनं सगळ्याच टाकाला भंडारा फासला.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी हात जोडून उभी राहिली. राग काही एका रात्रीत जात नाही, आणि तिला तो घालवायचाही नव्हता. "कोण हाईस ते तुजं तू बग," ती फळीकडं पाहत म्हणाली, "पर माजं मागनं तेच हाय." बोलताना तिला धुळाची आठवण आली. तरी तिनं मागणं पुरतं केलं.

दसऱ्याच्या थोडं आधी कुंभारीचा येडू गिरणीच्या फाटकाशी उभा राहिलेला दिसला. हा फुलाबाईच्या भावकीतला, गावचे निरोप पोचवणारा. सिद्धाप्पा गेला होता.

ही बातमी आली की चाळीत साखर वाटायची, असं राजाबाईनं मनाशी कधीच ठरवलेलं होतं. कुठल्या दुकानातून आणायची तेही ठरलं होतं. फाटकातून बाया बाहेर पडत होत्या आणि ती मध्येच उभी होती.

"आक्कानं सांगितलंय," येडू म्हणाला, "भावकीत समद्यांनी सुतक धरायचं. तुमी बी."

"मी कुटली भावकीतली? मला तर कडी लावून भाईर घातली हुती."

"त्ये मला म्हाईत न्हाय. आक्का म्हनल्या, धुळाची बायकू हाय, सुतक तिला बी हाय."

नको म्हणायचा तिला पुरा हक्क होता. पण सुतक नाकारायचं म्हणजे सिद्धाप्पा धुळाचा भाऊ नव्हता असं म्हणायचं, आणि मग धुळा तिचा कोण होता? ज्या घराचं दार तिच्या तोंडावर बंद झालं होतं ते असं उघडलं, त्या घरचा माणूस मेल्यावर. ती साखर न घेता घरी आली आणि डोक्यावरून अंघोळ केली.

सुतकात देवाला हात लावायचा नसतो. लिंगायतांत सुतक मानत नाहीत, म्हणून पूजेला तिनं रुद्राणीलाच बोलावलं. रुद्राणी धुतलेलं लुगडं नेसून आली. राजाबाई ओले केस पाठीवर सोडून उंबऱ्याबाहेर बसली.

"नाव काय घिऊ?" रुद्राणीनं आतून विचारलं. "मायाक्का म्हनू का बिरोबा?"

राजाबाईनं पाठीवरचे केस पिळले.

"तुला जे येतंय ते घे," राजाबाई म्हणाली.

आत रुद्राणी कानडीत काहीतरी पुटपुटायला लागली. राजाबाईला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तिनं बाहेरूनच हात जोडले. धुळाच्या भावासाठी काय मागायचं असतं, ते मात्र तिला येत नव्हतं.